गोलरक्षकाच्या नावाची दुरुस्ती

उदगीर
दिनांक : २१ जुलै १९८३

प्रति,
मा. कार्यवाह,
क्रीडा गौरव उपसमिती,
जिल्हा प्रथम वर्धापन सोहळा,
लातूर.

अर्जदार : सिद्धराम धोंडप्पा चिल्लरगे, शारीरिक शिक्षण निदेशक व फुटबॉल मार्गदर्शक, बालाघाट ज्ञानवर्धिनी महाविद्यालय, उदगीर.

विषय : 'आदर्श क्रीडा मार्गदर्शक' या गौरवाच्या यादीतून माझे नाव वगळणेबाबत, तसेच सन १९७५ च्या विजेत्या फुटबॉल संघाच्या गोलरक्षकाचे नाव दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ४ जुलै १९८३ व सोबतचा चौदा रकान्यांचा छापील नमुना.

महोदय,

१. उपरोक्त पत्रान्वये आपण माझ्या 'सेवेचा चढता आलेख' पंधरा दिवसांत भरून मागवला आहे. मुदत परवा संपली. जे सात वर्षे लिहिले नाही, त्याला आणखी दोन दिवस लागले, एवढे समितीने सांभाळून घ्यावे. आलेख चढता आहे की नाही, हे वाचून आपणच ठरवावे. हा अर्ज मा. प्राचार्यांमार्फत पाठवलेला नाही, याचीही नोंद घ्यावी. त्यांच्यामार्फत पाठवलेले माझे अर्ज त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात राहतात, आणि त्या खणात आता जागा उरलेली नाही. छापील नमुन्यातील रकाने दीड बोटाचे आहेत. त्यात सत्काराएवढा मजकूर मावतो, खरा मजकूर मावत नाही. म्हणून वेगळ्या कागदावर लिहीत आहे.

२. 'खेळाची आवड कशी निर्माण झाली' असे आपण विचारता. माझ्या वडिलांचे उदगीरच्या बाजारात दोर, कासरे व मुसक्यांचे दुकान होते. सन १९६१ मध्ये त्यांनी मला शिक्षणासाठी हैदराबादला पाठवले. तेथे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हवालदार करीम खाँ सकाळी पोरांना फुटबॉल शिकवीत. वर्षभर त्यांनी मला चेंडू मारू दिला नाही. "गेंद को क्या देखते मियाँ, गेंद तो सबको दिखती. जगह देखो," एवढेच ते म्हणत. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन मी परत आलो, तेव्हा वडील दुकानात गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "तम्मा, आठ वर्सं लाथा मारायला शिकलास व्हय? ते तर आपल्याकडं न शिकता बैल मारतोय." महोदय, माझ्या कारकिर्दीविषयी आजवर जे बोलले गेले, त्यात एवढे प्रामाणिक वाक्य दुसरे नाही. आपल्या पत्रातील 'क्रीडामहर्षी' हा शब्द जमेस धरूनही हे सांगतो.

३. जून १९६९ मध्ये माझी या महाविद्यालयात हंगामी नेमणूक झाली. मुलाखतीत संस्थेचे चिटणीस माणिकप्पा यांनी दोन प्रश्न विचारले. लग्न झाले आहे काय, आणि बँडच्या मागे पोरे सरळ रांगेत चालवता येतील काय. दोन्हींना मी होय म्हणालो. फुटबॉलविषयी कोणी काही विचारले नाही, कारण जाहिरातीत तो शब्द विद्यापीठाच्या नियमापुरता घातलेला होता. महाविद्यालयात एक फुटबॉल होता आणि तो मुख्य लिपिकाच्या कुलूपबंद कपाटात असे. तो बाहेर काढण्यासाठी लेखी अर्ज करावा लागे आणि अर्जात कारण लिहावे लागे. तीन वर्षे मी 'खेळण्यासाठी' असे कारण लिहीत होतो. दर वेळी लिपिक चष्मा वर करून त्या शब्दाकडे बघे.

४. सन १९७२ च्या दुष्काळात मैदानावर संस्थेची गुरांची छावणी उघडली. मैदान चिटणिसांनी दिले, फोटो चिटणिसांचा निघाला आणि छावणीचा व्यवस्थापक म्हणून मला नेमण्यात आले. कारण विचारता सांगण्यात आले की शिट्टी माझ्याकडे आहे. सात महिने मी जनावरांना शिट्टी वाजवून पाण्यावर नेले. दोन आठवड्यांत जनावरे शिट्टीवर उभी राहू लागली. माझ्या तीन वर्षांच्या अध्यापनाचा असा परिणाम विद्यार्थ्यांवर झालेला नव्हता, हे नमूद करणे माझे कर्तव्य समजतो.

५. त्याच छावणीत मुक्रमाबादकडील एका खेड्यातून पंढरी दगडोबा हा एकोणीस वर्षांचा मुलगा घरची दोन आणि भावकीची तीन जनावरे घेऊन चालत आला. ते गाव मुखेड तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात येते. ही गोष्ट त्या वेळी कोणालाही महत्त्वाची वाटली नाही, कारण गुरांना जिल्हा विचारण्याची पद्धत नव्हती. मुलगा मॅट्रिक झालेला होता. वडील वारलेले. आई केवळाबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

एके दुपारी एक खोंड दावे तोडून कडब्याच्या गंजीकडे सुटला. माणसे पळाली. व्यवस्थापक या नात्याने मीही पळालो. पंढरी मात्र गंजीपुढे गुडघ्यात वाकून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. खोंड डावीकडे वळला की हा त्याच्या आधी डावीकडे, उजवीकडे वळला की आधी उजवीकडे. तीन-चार हुलकावण्या देऊन खोंड थांबला आणि मुकाट मागे फिरला. मी विचारले, "शिंगांची भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "शिंगाकडं कशाला बघायचं सर? पाय जिकडं, जनावर तिकडं."

मी त्याच पावली लिपिकाकडे जाऊन फुटबॉलसाठी अर्ज केला. कारणाच्या जागी 'अत्यंत तातडीचे' असे लिहिले. त्या दिवसापासून छावणी उठेपर्यंत रोज पाणी पाजून झाल्यावर मी पंढरीला दोन खुंटांच्या मध्ये उभा करून चेंडू मारीत असे. माझ्या नोकरीतील सुखाचे दिवस कोणते, असा रकाना आपल्या नमुन्यात नाही. असता तर मी गुरांची छावणी असे लिहिले असते.

६. जुलै १९७३ मध्ये मी पंढरीला महाविद्यालयात दाखल करून घेतले. आम्ही मैदानातील चारशेहून अधिक खुंट उपटले. शेणामुळे त्या वर्षी मैदानावर प्रथमच हिरवळ उगवली. दुष्काळाने संस्थेला दिलेली ती एकमेव देणगी होय. संस्थेने त्याबद्दल दुष्काळाचे आभार मानले नाहीत.

अडीच वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, आमचा संघ नांदेड येथे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. आमच्या अकरापैकी सहा जणांच्या पायांत बूट होते. पंढरी अनवाणी खेळे. सामना बरोबरीत सुटला आणि प्रत्येकी पाच फटक्यांवर निकाल ठरला. पंढरीने त्यांतील तीन अडवले. मी गोलखांबापासून दहा पावलांवर होतो. तो एकदाही चेंडूकडे बघत नव्हता, मारणाऱ्याच्या पायांकडे बघत होता. करीम खाँ हयात असते तर मी त्यांना तार केली असती.

दुसऱ्या दिवशी परतताना आमची एस.टी. मुखेडला थांबली. तो बाजाराचा दिवस होता. केवळाबाई तेथे आल्या होत्या. पंढरीने खिडकीतून त्यांना चषक दाखवला. त्या म्हणाल्या, "येवढुशा पेल्यापायी चार दिस गेलतास व्हय?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. त्यानंतर त्या मायलेकांसमोर मी निर्धास्त हसलो आहे असे मला स्मरत नाही.

७. आता ज्या मजकुरासाठी हा अर्ज आहे, तो येथे लिहितो. अंतिम सामना बघायला सिकंदराबादच्या एका सरकारी खात्याच्या संघाचे व्यवस्थापक आले होते. जानेवारी १९७६ मध्ये त्यांचे महाविद्यालयास पत्र आले. 'आपल्या गोलरक्षकाचे नाव आम्ही लिहून घेतले नाही. अंतिम सामन्यात जो खेळला त्याला चाचणीसाठी पाठवावे. सोबत तोच तो खेळाडू असल्याचे मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र असावे. योग्य ठरल्यास नोकरी देण्यात येईल.'

पत्र चिटणीस माणिकप्पांनी फोडले. त्यांचा भाचा बसवंत त्या वेळी द्वितीय वर्षात होता. तो आमच्या संघात राखीव खेळाडू होता. राखीव याचा अर्थ, मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटणे हे काम तो करी, आणि त्यातही तो दोन-चार फोडी स्वतःसाठी राखीव ठेवी. चिटणिसांनी मला बोलावून कोरे प्रमाणपत्र पुढे केले. ते म्हणाले, "पंढरी नांदेड जिल्ह्याचा. परजिल्ह्याचं पोरगं पाठवून आपल्याला काय मिळतंय? बसवंताचं नाव लिवा." मी म्हणालो की गोल त्याने राखला नाही. ते म्हणाले, "चिल्लरगे, तुमची कायम व्हायची फाईल माझ्या टेबलावर हाय. सही करा, न्हाई केली तरी चालतंय. फाईल काय, टेबलावर राहतीच."

महोदय, मी विचार करायला वेळ मागितला नाही. सही केली. जावक क्रमांक ९, सन १९७६. माझे अक्षर चांगले आहे. त्या प्रमाणपत्रावर ते विशेषच चांगले आले आहे.

चार दिवसांनी पंढरी मैदानावर माझ्याकडे आला. कुठूनतरी त्याच्या कानावर पत्राची बातमी गेली होती. त्याने विचारले, "सर, माझं नाव लिवायचं राहिलं का?" मी म्हणालो, "हो, राहिलं." तो "बरं" म्हणाला आणि जाळी गोळा करू लागला. मार्चमध्ये परीक्षेला न बसता तो निघून गेला. १ फेब्रुवारीपासून मी नोकरीत कायम झालो होतो.

बसवंत सिकंदराबादहून तिसऱ्या दिवशी परत आला. त्याला पहिल्या अर्ध्या तासात नऊ गोल झाले. हे त्यानेच चहाच्या हॉटेलात सर्वांना सांगितले. "लई जोरात मारत्यात तिथं," असे तो म्हणाला. ती नोकरी मग कोणालाच मिळाली नाही.

८. यानंतरचा आलेख खरोखरच चढता आहे. वसतिगृह अधीक्षक, परीक्षेच्या बाकांवर क्रमांक चिकटवणाऱ्या समितीचा प्रमुख, गणेशोत्सव प्रमुख, अशी पदे मला मिळत गेली. १९७८ मध्ये चिटणिसांच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवासाठी चारही गोलखांब उपटून नेण्यात आले. त्यांतील दोनच परत आले. तेव्हापासून सरावाला एका बाजूला खांब आहेत व दुसऱ्या बाजूला मुलांच्या चपला ठेवतो. मी त्याविषयी लेखी तक्रार केली नाही. पंढरीच्या बाबतीत गप्प बसलेल्या माणसाने खांबांसाठी तोंड उघडणे मलाच शोभले नसते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा जिल्हा झाला. उदगीर जागचे हलले नाही आणि आम्ही सर्वजण एका दिवसात उस्मानाबादला परजिल्ह्याचे झालो. त्या आनंदात संस्थेने ठरवले की मैदानावर विद्यार्थी उभे करून 'लातूर' ही अक्षरे साकारावीत. ती जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली. त्यातील उकार ऱ्हस्व द्यावा की दीर्घ, याविषयी मराठी विभागातील दोन प्राध्यापकांत दोन दिवस वाद चालला. त्या दोन दिवसांत उकाराची अकरा मुले उन्हात उभी होती. ती अकरा मुले म्हणजे माझा फुटबॉल संघ. त्या हंगामात त्यांनी एकत्र उभे राहून केलेली कामगिरी तेवढीच.

९. हे सर्व मी आणखीही गप्प राहून निभावून नेले असते. परंतु आपल्या पत्रासोबत गौरवार्थींची संपूर्ण यादी आली. तीत माझ्या नावाच्या लगेच खाली 'श्री. बसवंत, १९७५ च्या विजेत्या संघाचे गोलरक्षक, ज्येष्ठ खेळाडू' असे नाव आहे. त्यांना नव्या जिल्ह्याच्या फुटबॉल निवड समितीचे अध्यक्ष नेमण्याची शिफारसही आहे. आधार म्हणून जावक क्रमांक ९, सन १९७६ चे प्रमाणपत्र दाखवले आहे. म्हणजे ज्याच्यासाठी मी खोटे लिहिले, तो आता खऱ्या मुलांची निवड करणार. चेंडू कोणत्या बाजूने येतो हे ज्याला नऊ वेळा कळले नाही, तो जिल्ह्यातील पोरांकडे बघून कोण चांगला हे ठरवणार. आणि आम्ही दोघे एकाच मंचावर शाल घेऊन उभे राहणार. समितीने आम्हाला शेजारी उभे केले, यात मात्र काही चूक नाही. आमची जोडी योग्यच आहे.

१०. रविवार दि. १० जुलै रोजी मी अर्धापूरला गेलो. पंढरी तेथे केळीच्या वखारीत कामाला असतो, एवढे मला चार वर्षांपासून ठाऊक होते. जाण्यास मात्र चार वर्षे लागली. तो मालट्रकवर उभा होता. खालचा माणूस घड वर फेकी आणि हा तो छातीशी झेलून पानांवर निजवी. एकही दांडा मोडला नाही. मला बघून तो म्हणाला, "बसा सर, गाडी भरू द्या." मी अडीच तास बसलो.

गाडी भरल्यावर त्याने मला घरी नेले. त्याची पत्नी सिंधु हिने चहा केला. केवळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता फार कमी ऐकू येते. मी प्रमाणपत्राची सर्व हकीकत सांगितली. पंढरीने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला त्याच आठवड्यात कळलं व्हतं सर. लिपिकानं सांगितलं. तरी तुमच्याच तोंडून ऐकावं म्हणून इचारलं. तुमी राहिलं म्हणलात."

मी विचारले, मग इतकी वर्षे माझा राग आला नाही का. तो म्हणाला, "राग चिटणिसाचा आला. तुमची कीव यायची."

महोदय, मी या अर्जात अनेकांविषयी हलके लिहिले आहे. तसे लिहिणे सोपे आहे आणि मला त्याची चांगली सवय आहे. परंतु एका शब्दात माणसाचे वजन कसे करतात, हे मला त्या दिवशी त्या घरात कळले. चहा पिऊन झाला तरी मला कप खाली ठेवता येत नव्हता. शेवटी सिंधुने तो हातातून काढून घेतला.

मी म्हणालो, समितीला लिहितो, गौरव तुझा व्हावा. तो म्हणाला, "शाल घेऊन मी काय करू? केळीच्या चिकानं आठ दिसांत घाण होईल. नाव तेवढं मोठ्यानं वाचा म्हणावं. मायला ऐकू कमी येतंय."

११. सबब, विनंती की :

(अ) 'आदर्श क्रीडा मार्गदर्शक' या यादीतून माझे नाव काढावे. जागा रिकामी ठेवली तरी चालेल. ती आजवरही रिकामीच होती.

(ब) जावक क्रमांक ९, सन १९७६ चे प्रमाणपत्र खोटे असून ते मी स्वतः, शुद्धीवर असताना, नोकरी कायम व्हावी म्हणून दिले, असे धरावे. त्यावर आधारलेली श्री. बसवंत यांची शिफारस रद्द करावी. ते लिंबाच्या फोडी उत्तम वाटतात. त्या कामासाठी जिल्ह्यास गरज पडल्यास मी नवे प्रमाणपत्र देईन व ते खरे असेल.

(क) आपल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे १९७५ च्या विजेत्या संघाची अकरा नावे सोहळ्यात वाचताना गोलरक्षक म्हणून 'पंढरी दगडोबा' हे नाव वाचावे. तो नांदेड जिल्ह्याचा रहिवासी असल्याची हरकत समितीच्या मनात आल्यास, ती हरकत प्रथम कोणी व कशासाठी घेतली हे परिच्छेद ७ मध्ये पुन्हा वाचावे.

१२. समितीस वरील विनंती गैरसोयीची वाटेल, याची मला कल्पना आहे. कार्यक्रमपत्रिका छापून झाली असेल. तसे असल्यास पत्रिका बदलण्याचे कष्ट घेऊ नयेत. १६ ऑगस्ट रोजी मी पंढरी, सिंधु व केवळाबाई यांना घेऊन सोहळ्यास हजर राहणार आहे. आम्ही निमंत्रितांत बसणार नाही, मंडपाच्या अगदी मागच्या टोकाला बसू. अकरा नावे वाचून होताच, त्यांत ते नाव आले नाही तर मी उठून वाचीन. मला ध्वनिक्षेपक लागत नाही. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझा आवाज चौदा वर्षे पोचत आला आहे, आणि त्या दिवशी तो केवळाबाईंना ऐकू जाईल एवढा मोठा काढावा लागणार आहे. मा. पाहुण्यांना दचकायला होऊ नये, म्हणून ही पूर्वसूचना.

कळावे.

आपला, आजपर्यंत नको तितका नम्र,

(सही)
सिद्धराम धोंडप्पा चिल्लरगे
शारीरिक शिक्षण निदेशक

सोबत :

१. चौदा रकान्यांचा छापील नमुना, कोरा.

२. जावक क्रमांक ९, सन १९७६ च्या प्रमाणपत्राची कार्यालयीन प्रत. मी मूळ कागदावरून स्वतः उतरवली आहे. अक्षर तेच आहे, ताडून पाहावे.

३. नांदेड येथील अंतिम सामन्यानंतरचे संघाचे छायाचित्र. मध्यभागी अनवाणी बसलेला तो पंढरी. श्री. बसवंत छायाचित्रात आहेत, डावीकडून शेवटचे. हातात ताट आहे.

४. राजीनामा जोडलेला नाही. या अर्जाची प्रत आजच संस्थेस दिली आहे. मला काढायचे असल्यास संस्थेने काढावे. काढताना कारण लेखी द्यावे लागते, आणि ते कारण मला चिटणीस माणिकप्पांच्या हस्ताक्षरात पाहिजे आहे.